गर्भनिरोधक गोळी "सूट होत नाही" म्हणून सोडून देण्याआधी हे वाचा

मेडिकलच्या काउंटरवर मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, ती गोळी मला सूट नाही झाली." कोणती गोळी विचारलं तर नाव आठवत नाही, किती दिवस घेतली तर दीड पाकीट, काय झालं तर मळमळायचं आणि मधेच डाग पडायला लागले म्हणून बंद केली, आता दुसरं काही वापरता का तर नाही. आणि मग बरेचदा तीच बाई थोड्या दिवसांनी प्रेग्नन्सी किट मागायला येते, चेहरा पार उतरलेला असतो, आणि ते मला खरंच बघवत नाही. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की "गोळी सूट होत नाही" असं सरसकट काही नसतं, कोणत्या गोळीतल्या कशामुळे काय होतंय ते कळलं तर बहुतेक त्रास एकतर दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात नाहीतर गोळी बदलून जातात. आणि थोड्या बायका अशाही असतात की त्यांना या गोळ्या खरोखरच धोक्याच्या आहेत, त्यांनी त्या सुरूच करायच्या नसतात, तेही पहिल्या गोळीच्या आधी कळायला हवं, नंतर नाही.

आधी पाकीट उलटं करून वाचा

आपण ज्याला नुसती गर्भनिरोधक गोळी म्हणतो तिच्यात दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. इस्ट्रोजेन आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडमध्ये एकच, इथिनिल इस्ट्राडायॉल, फक्त कुठे ३० मायक्रोग्रॅम कुठे २०. प्रोजेस्टिन मात्र वेगवेगळं असतं आणि गोळ्यांमधला खरा फरक बराचसा तिथेच आहे.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन घ्या हातात. २८ गोळ्या, त्यातल्या २१ हार्मोनच्या, प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम म्हणजे ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल, आणि शेवटच्या ७ गडद रंगाच्या गोळ्या नुसत्या लोहाच्या. आता मेडिकलमधली ओव्हरल-एल बघा, तिच्यातही अगदी हेच दोन हार्मोन याच मात्रेत आहेत. म्हणून "सरकारी गोळी गरम पडते, जरा चांगली कंपनीची द्या" असं कोणी म्हटलं की मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागची अक्षरं दाखवते. हार्मोन तेच, त्यामुळे हार्मोनचा त्रासही तोच होणार, पैसे मात्र उगाच जातात. माला-एनच्या त्या आठवड्यात शी काळी झाली किंवा पोट साफ होईना तर घाबरू नका, ते लोहामुळे होतं, पाणी जास्त प्या.

नोव्हेलॉनमध्ये डेसोजेस्ट्रेल आणि ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, फेमिलॉनमध्ये डेसोजेस्ट्रेलच पण इस्ट्रोजेन २०. यास्मिनमध्ये ड्रोस्पायरेनॉन आणि ३०, याझमध्ये ड्रोस्पायरेनॉन आणि २०. डायान-३५ मध्ये सायप्रोटेरॉन, ती मुळात जास्त पिंपल्स आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी असते, पीसीओडीवाल्या मुलींच्या चिठ्ठीवर बरेचदा दिसते. तुमच्या स्ट्रिपचा मागून एक फोटो काढून फोनमध्ये ठेवा, घटकांची नावं दिसतील असा. पुढे डॉक्टर बदलले, गाव बदललं, देश बदलला तरी तो फोटो कामाला येतो, कारण परदेशात ब्रँडचं नाव कोणी ओळखत नाही, घटकाचं नाव सगळे ओळखतात.

आणि आत घडी घातलेला तो बारीक अक्षरांचा कागद फेकू नका. अमेरिकेत १९७० साली सिनेटमध्ये गोळीच्या दुष्परिणामांवर सुनावणी झाली तेव्हा बायकांनी उभं राहून विचारलं होतं की हे धोके आम्हाला कोणी का सांगितले नाहीत, त्यानंतर तिथे असा कागद पाकिटात यायला लागला. भांडून मिळवलेला कागद आहे तो. आपल्याकडेही र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, शंभर वर्षं होऊन गेली, तरी काउंटरवर गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला थांबून मग हळूच गोळी मागणाऱ्या बायका मी रोज बघते. मागा हो, आणि विचारा पण. विचारण्यासारखंच आहे.

कोणी घ्यायचीच नाही

यातलं काही लागू होत असेल तर दोन हार्मोनवाली गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन बघा. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली होती, हार्टचा त्रास किंवा पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा गंभीर आजार किंवा सध्या कावीळ, बीपी वाढलेलं, वय ३५ च्या वर आणि सिगरेट चालू. मिशरी किंवा तंबाखू असेल तर तेही सांगा, बायका हे हमखास लपवतात. बाळंत होऊन सहा आठवडे झाले नसतील तर नाहीच, आणि बाळ अंगावर पीत असेल तर साधारण सहा महिने ही गोळी टाळतात.

अर्धशिशीबद्दल जरा थांबून सांगते कारण हे विचारलंच जात नाही. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येतात का, अर्धी नजर अंधूक होते का, एका हाताला मुंग्या येतात का? असं होत असेल तर त्या मायग्रेनला ऑरा आहे म्हणतात आणि अशा बाईला इस्ट्रोजेनवाली गोळी देत नाहीत, कारण स्ट्रोकचा धोका वाढतो. "डोकं दुखतं कधीकधी" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना हे कळणार नाही, रेषांचं मुद्दाम सांगा.

चालू औषधं पण सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात, गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. सर्दी-खोकल्याला देतात त्या साध्या अँटिबायोटिकने मात्र तसं होत नाही. आणि सुरू करायच्या आधी एकदा बीपी मोजा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तीन महिन्यांनी परत मोजा.

गुठळीची भीती किती धरायची? युरोपच्या औषध नियामक संस्थेचे आकडे असे आहेत की गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांमध्ये ५ ते ७ जणींना, आणि डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पायरेनॉनवालीत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. म्हणजे धोका खरा आहे पण लहान आहे. म्हणूनच माझं मत असं की पहिल्यांदा सुरू करताना दुसरं काही कारण नसेल तर माला-एन किंवा तिच्यासारखीच लिव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी डॉक्टरांना विचारा, रील्समध्ये कोणीतरी "स्किन ग्लो होते" म्हणून सांगितलेल्या महागड्या गोळीपासून सुरुवात करू नका.

पहिले तीन महिने

मळमळ सगळ्यात आधी येते आणि सगळ्यात आधी जाते पण. ती इस्ट्रोजेनमुळे होते. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतलीत तर होणारच, रात्री जेवण झाल्यावर घ्या, झोपेत निघून जातं बरंचसं. आपल्याकडे याला लगेच पित्त म्हणतात आणि रोज सकाळी पित्ताची गोळी सुरू करतात, त्याआधी वेळ बदलून बघा. उपवासाचं पण लक्षात ठेवा, संकष्टीला किंवा नवरात्रात दिवसभर काही खाल्लेलं नसतं, वर गोळी घेतली की मळमळतं, आणि काही जणी तर उपास आहे म्हणून औषधच घेत नाहीत. उपास सोडल्यावर घ्या, निर्जळी असेल तर कोणत्या वेळी घ्यायची ते आधी ठरवा, पण चुकवू नका. गोळी घेऊन दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी गेली असं समजून लगेच दुसरी घ्या, पुढचा क्रम तसाच चालू ठेवा. उलट्या-जुलाब दिवसभराच्या वर चालले तर गोळ्या चुकल्यासारखंच धरा आणि कंडोम वापरा.

आता डाग पडणं. सगळ्यात जास्त बायका यामुळे गोळी सोडतात. होतं काय की गोळीमुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर पातळ व्हायला लागतं, आणि ते स्थिरावेपर्यंत अधूनमधून थोडं थोडं सुटतं, कधी तपकिरी डाग, कधी पॅड लागेल एवढं. याचा अर्थ गोळी काम करत नाहीये असा नाही. आणि ते बघून मधेच गोळी बंद केली की हार्मोन एकदम उतरतात आणि सगळं रक्त आणखी जोरात जातं, मग बाई म्हणते बघा गोळीने किती अंगावरून गेलं. गोळी चालू ठेवा. रोजची वेळ पक्की करा, कारण आज नऊला, उद्या बाराला, परवा विसरली असं झालं की डाग पडणारच. अलार्म लावा, नाहीतर स्ट्रिप टूथब्रशच्या शेजारी ठेवा, देवघरातल्या डब्यात किंवा कपाटात साड्यांखाली लपवून ठेवलेली गोळी विसरली जाते. २० मायक्रोग्रॅमवाल्या गोळ्यांवर डाग जास्त दिसतात हेही खरं. तीन महिन्यांनंतरही थांबत नसेल, किंवा पॅड भिजून जाईल एवढं जात असेल, किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर तपासून घ्या, इन्फेक्शन असू शकतं, गर्भाशयाच्या तोंडाशी काही असू शकतं, दिवस गेलेले असू शकतात, सगळं गोळीवर ढकलू नका.

चुकलेल्या गोळीचा हिशोब इथेच सांगते. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, त्या दिवशीची तिच्या वेळेला, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा जास्त हार्मोनच्या गोळ्या लागोपाठ चुकल्या तर एक लगेच घ्या, मागच्या सोडून द्या, आणि पुढचे सात दिवस कंडोम. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या गोळ्या न घेता सरळ नवीन पाकीट चालू करा. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर इमर्जन्सी गोळीबद्दल लगेच विचारा, थांबून बघू म्हणू नका. लोहाची चुकली तर काही बिघडत नाही.

स्तन दुखणं, जड वाटणं, पोट फुगल्यासारखं होणं हे इस्ट्रोजेनचं आणि पाणी साठण्याचं, दोन-तीन पाकिटांत कमी होतं. नेमकं लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यातच डोकं दुखत असेल तर ते हार्मोन उतरल्यामुळे, डॉक्टर तो मोकळा आठवडा कमी करू शकतात किंवा दोन-तीन पाकिटांतल्या हार्मोनच्या गोळ्या सलग घ्यायला सांगू शकतात. चेहऱ्यावर वांग येत असतील तर उन्हात तोंड झाका, सनस्क्रीन लावा, आणि वाढत असतील तर वाट बघत बसू नका, वांग एकदा बसले की गोळी बंद करूनही लवकर जात नाहीत.

वजनाचं सगळ्या विचारतात. अभ्यासांमध्ये या गोळ्यांमुळे वजन खूप वाढतं असं दिसलेलं नाही. सुरुवातीला पाणी साठून थोडं इकडेतिकडे होतं. पण तुमचं वजन खरंच वाढतंय असं वाटत असेल तर अंदाजाने ठरवू नका, पहिल्या गोळीच्या दिवशी वजन करा आणि तीन महिन्यांनी त्याच काट्यावर करा.

मूड आणि इच्छा कमी होणं, यावर मी आवर्जून लिहितेय कारण घरात कोणी हे ऐकून घेत नाही, मनाचे खेळ म्हणतात. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास आला, त्यात हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांमध्ये, खास करून अगदी तरुण मुलींमध्ये, डिप्रेशनचं औषध सुरू होण्याचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. गोळीमुळेच झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही आणि बहुतेक जणींना काही होतही नाही, पण तुम्हाला कारण नसताना रडू येतंय, चिडचिड थांबत नाहीये, कशातच मन लागत नाहीये तर ते खरंच होतंय. आधी डिप्रेशन होऊन गेलं असेल तर सुरू करतानाच सांगा. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर तीन महिन्यांची वाट वगैरे काही बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, सोबत कोणाला तरी घ्या.

या सगळ्यात लिहून ठेवण्याचा फार उपयोग होतो. कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलने एक अक्षर पुरतं, ड म्हणजे डाग, म म्हणजे मळमळ, चु म्हणजे चुकली, घरात कोणी बघेल असं वाटत असेल तर फोनमध्ये. एका ताईंनी असंच पान फाडून आणलं होतं, तीन महिन्यांतले सगळे ड हे चु च्या पुढच्या दोन-तीन दिवसांतच होते, गोळी बदलायची गरजच नव्हती, वेळ सांभाळली आणि डाग थांबले.

बदलायची तर कुठल्या दिशेने

तीन पाकिटं नीट घेऊनही त्रास राहिला तर डॉक्टरांकडे "सूट होत नाही" एवढंच म्हणू नका, काय, कधी, किती ते सांगा, कारण दिशा त्यावर ठरते. मळमळ, स्तन दुखणं, फुगणं राहिलं तर साधारणपणे इस्ट्रोजेन कमी असलेल्या म्हणजे २० च्या गोळीकडे जातात. २० वर सतत डाग पडत असतील तर उलट ३० कडे. पिंपल्स, तेलकटपणा वाढला तर प्रोजेस्टिन बदलून डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पायरेनॉनवाली, पण वरचा गुठळीचा आकडा माहीत असू द्या. ड्रोस्पायरेनॉनने पोटॅशियम वाढू शकतं, किडनीचा त्रास असेल किंवा केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते नक्की सांगा.

इस्ट्रोजेनच चालत नसेल तर सेराझेटसारखी फक्त प्रोजेस्टिनची गोळी असते, ७५ मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेल, अंगावर पाजणाऱ्या आयांनाही चालते, मधे लोहाच्या गोळ्या नाहीत, रोज घ्यायची, बारा तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही, आणि पाळी अनियमित होते हे आधीच धरून चालायचं. हार्मोनच नको असतील तर छाया आहे, म्हणजे सेंटक्रोमॅन, लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटने शोधलेली, मेडिकलमध्ये सहेली नावाने मिळते, सरकारी दवाखान्यात छाया. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, नंतर आठवड्यातून एकदा. मळमळ, स्तन दुखणं सहसा नसतं, पण पाळी लांबते, कधी बरीच लांबते आणि भीतीने पोटात गोळा येतो, १५ दिवसांच्या वर उशीर झाला तर टेस्ट करा. पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ही घेऊ नका.

एक घोटाळा रोज होतो तो पण सांगते. गौरी-गणपतीत, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतात ती प्रिमोल्युट-एन किंवा रेजेस्ट्रोन, म्हणजे नॉरइथिस्टेरॉन, ती गर्भनिरोधक म्हणून घ्यायची नाही, त्या दिवसांत संबंध आला तर संरक्षण नाही. गुठळी होऊन गेलेल्या बाईने तीही मनाने घेऊ नये. आणि आय-पिल ही इमर्जन्सी गोळी, म्हणजे १.५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल एकदम, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, पण ती अडीअडचणीला, दर महिन्याला तीच घेत राहिलात तर पाळीचं गणित पार बिघडतं आणि रोजच्या गोळीइतकी खात्रीही नसते.

हे झालं तर वाट बघायची नाही

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दाबल्यावर दुखते. छातीत दुखतंय, दम लागतोय, खोकल्यातून रक्त. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम दुखलं, बोलताना जीभ अडखळली, एक बाजू बधिर झाली, दिसेनासं झालं. पोटात वरच्या बाजूला जोरात दुखतंय, डोळे पिवळे झाले. यातलं काहीही झालं तर गोळी थांबवा आणि क्लिनिक उघडायची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला जा, आणि गेल्या गेल्या "मी गर्भनिरोधक गोळी घेते" हे वाक्य बोला, सासूबाई शेजारी असल्या तरी बोला, कारण डॉक्टरांचं निदान त्यावर फिरतं. मोठं ऑपरेशन ठरलं किंवा पायाला प्लॅस्टर घातलं तरी हे आधी सांगायचं. अमेरिकेला मुलाकडे, नवऱ्याकडे जाताना तासन् तास विमानात बसणार असाल तर अधूनमधून उठून चाला, पाणी प्या.

एका गोळीवरून दुसऱ्या दोन हार्मोनवाल्या गोळीवर जाताना मधे गॅप ठेवू नका, जुन्या पाकिटातली हार्मोनची शेवटची गोळी झाली की दुसऱ्या दिवशी नवीन सुरू. पूर्ण बंद करायची असेल तर चालू पाकीट संपवा, आणि बाळ नको असेल तर त्याच दिवसापासून दुसरं साधन हातात हवं, कारण गोळी बंद केल्यावर दिवस लवकर राहू शकतात. "गोळीने नंतर मूल होत नाही" हे खोटं आहे. तसा उशीर होतो तो तीन महिन्यांच्या अंतरा इंजेक्शनने, ते बंद केल्यावर सात ते दहा महिने लागू शकतात, त्यामुळे वर्षभरात बाळ हवं असेल तर इंजेक्शनपेक्षा गोळी बरी. आणि बाळासाठीच थांबत असाल तर प्रयत्न सुरू करायच्या आधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिड चालू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम.